हंगाम, सुट्टी आणि परतणारा माणूस

कापडाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाने हॉटेलच्या धंद्यावर लिहावे, हे काही वाचकांना खटकेल. पण लॉज आणि कापड यांचे नाते फार जवळचे आहे. खोलीत शिरलेला पाहुणा आधी भिंत पाहत नाही, चादर पाहतो. गादीवरची चादर, उशीचा अभ्रा, अंगावरचे ब्लँकेट, खिडकीचा पडदा आणि न्हाणीतला टॉवेल, हे सगळे कापडच आहे. म्हणून कोणाचा लॉज कसा चालला आहे, हे कापडवाल्याच्या वहीत लवकर उमटते. मालक माल कधी नेतो, किती नेतो आणि तोच माल दर वर्षी पुन्हा का नेतो, या तीन गोष्टींवरून त्याचा कारभार कळतो.

यापैकी तिसऱ्या गोष्टीबद्दल आज लिहायचे आहे. चांगली सुती चादर नीट वापरली तर काही हंगाम सहज निघतात. तरी काही मालक वर्षाच्या आतच पुन्हा गठ्ठे बांधून नेतात. विचारले तर म्हणतात, माल हलका निघाला. कधी तसे असतेही. पण पुष्कळदा दोष कापडाचा नसतो. हंगाम संपला, लॉजवरचा कामगार सुट्टीवर घरी गेला आणि परत आलाच नाही, हे खरे कारण असते. त्याच्या जागी नवा माणूस आला. त्याला कोठीत काय आहे ते ठाऊक नाही, ओल कुठल्या भिंतीला येते ते ठाऊक नाही. त्याने पेटी उघडली तेव्हा वरच्या चार चादरी धड आणि खालच्या सगळ्या काळ्या ठिपक्यांच्या!

गडाचे दोन हंगाम

सप्तशृंगी गड आमच्या कळवण तालुक्यात आहे. लोक वणीची देवी म्हणतात, पण वणी गाव दिंडोरी तालुक्यातले. पायथ्याला नांदुरी आणि तिथून घाटाने वर गड. चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत मोठी यात्रा भरते, खानदेशातून पायी येणाऱ्यांची रीघ लागते. आश्विनात नवरात्र आणि पुढे कोजागिरी, तेव्हा कावडी घेऊन भाविक येतात. २०१८ साली गडावर ट्रॉली सुरू झाली आणि सुमारे पाचशे पायऱ्या चढणे ज्यांना जमत नाही त्यांची सोय झाली. भाविक बारा महिने येतात हे खरे. पण लॉजवाल्याचा मुख्य गल्ला या दोन यात्रांवर उभा आहे. मधल्या पावसाळ्यात घाटात धुके असते, दरडीची भीती असते आणि खोल्या रिकाम्या असतात.

अशा ठिकाणाला आपण दूरचे ठिकाण म्हणतो. हे अंतर किलोमीटरने मोजायचे नाही. रात्री दहा वाजता एक माणूस कमी पडला आणि दुसरा मिळाला नाही, की ते ठिकाण दूर समजावे. नाशिकच्या हॉटेलात वाढपी आला नाही तर शेजारच्या हॉटेलातून मागता येतो, चादरी कमी पडल्या तर धोब्याकडून दोन तासांत आणता येतात. डोंगरावर हे होत नाही. तिथे कामगार कामाच्या जागीच राहतो, तिथेच जेवतो आणि तिथेच झोपतो. त्याला बदली माणूस नसतो. म्हणून त्याची सुट्टी आणि त्याचे परतणे ही डोंगरावरच्या धंद्यातली मोठी बाब आहे.

त्यात आणखी एक गोम आहे. पाहुण्याची सुट्टी म्हणजे कामगाराचा हंगाम. जगाला सुट्टी असते तेव्हा हा राबतो आणि जग कामाला लागले की याला घरी जायला मिळते. पण ती सुट्टी बहुधा बिनपगारी असते आणि परत कधी यायचे ते कोणी सांगितलेले नसते. मालक म्हणतो, 'बोलावतो.' एवढ्या एका शब्दावर माणूस घरी जातो.

दोन यात्रा आणि दोन छाटण्या

गडावरच्या आणि घाटाखालच्या लॉजांत, भोजनालयांत जी मुले काम करतात त्यांत कळवण आणि सुरगाणा तालुक्यांच्या पाड्यांवरची पुष्कळ असतात. पावसाळ्यात घरी भात-नागलीची लावणी असते, तेव्हा ती घरी जाणारच, आणि लॉजलाही तेव्हा त्यांची फारशी गरज नसते. इथपर्यंत दोघांची सोय जुळते.

अडचण पुढे येते. शेजारच्या दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाचे मळे आहेत. द्राक्षाला वर्षात दोन छाटण्या असतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. आता यात्रांचे महिने पाहा. चैत्राची यात्रा पडते मार्च-एप्रिलात आणि नवरात्र पडते सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे लॉजवाल्याला आणि बागाईतदाराला मजूर एकाच वेळी लागतो, वर्षातून दोनदा. शिवाय मार्च-एप्रिलात आमच्या तालुक्यात उन्हाळ कांद्याची काढणी असते. बागाईतदार टोळीला एकरावर ठेका देतो, गाडी पाठवतो, पैसे ठरवून देतो. लॉजवाला 'बोलावतो' म्हणाला होता. मजुराने कुठे जावे, हे सांगायला अर्थशास्त्र शिकायची गरज नाही.

मग घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मालक तक्रार करतो की हल्लीची पोरे बेभरवशाची झाली. पण भरवसा दोन्ही बाजूंनी लागतो. कापडाच्या धंद्यात आम्ही मालेगावला किंवा सोलापूरला ऑर्डर देतो तेव्हा तारीख, भाव आणि नग ठरवतो, इसार देतो. नुसते 'बोलावतो' म्हटल्यावर कोणी कारखानदार आमच्यासाठी माग राखून ठेवणार नाही. जे आपण ताग्यासाठी करतो ते माणसासाठी का करू नये?

ओलीचा हिशोब

कापडाबद्दल थोडे सांगतो, कारण नुकसान नेमके कसे होते ते समजले पाहिजे. सुती कापडाला दमट हवेत बुरशी धरते. चादरीला खळ राहिली असेल तर जास्त लवकर धरते. वरून कोरडी दिसणारी चादर घडीच्या आत ओली असते. ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तर ओल आत कोंडते आणि महिनाभरात कुबट वास येतो. बुरशीचे काळे ठिपके एकदा बसले की सहसा पूर्ण जात नाहीत. ब्लीचिंगचा मारा केला तर सूत कमजोर होते आणि चादर मधोमध फाटते. पॉलिएस्टर मिसळलेली चादर लवकर वाळते, म्हणून पावसाच्या ठिकाणी पुष्कळ मालक ती घेतात, पण अंगाला सुती कापडाची सर तिला नाही. पानिपतची ब्लँकेटे गरम आणि स्वस्त, पण ती दमट राहिली तर वास धरतात. सोलापुरी चादर टिकाऊ खरी, मात्र जाड असल्याने तिला वाळायला जास्त ऊन लागते.

उपाय साधे आहेत. माल भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर, लाकडी फळीवर ठेवावा. पावसाने उघडीप दिली की कोठी उघडावी, घड्या मोडाव्यात, हवा लागू द्यावी. डांबराच्या गोळ्या कसरीसाठी ठीक आहेत, ओलीवर त्यांचा उपाय नाही. हे सगळे कोणी तरी माणसाने करायचे आहे आणि तो माणूस बंद हंगामातच लागतो.

आता हिशोब करू. समजा वीस खोल्यांचा लॉज आहे, प्रत्येक खोलीत दोन गाद्या, म्हणजे चाळीस गाद्या. हॉटेलच्या धंद्यात प्रत्येक गादीमागे निदान तीन जोड ठेवतात: एक गादीवर, एक धुण्यात, एक कोठीत. डोंगरावर कापड वाळायला वेळ लागतो, म्हणून चार धरा. चादरी झाल्या १६० आणि अभ्रे १६०. चादर ३०० रुपयांची आणि अभ्रा ८० रुपयांचा धरला तर ६०,८०० रुपयांचा माल झाला. पावसाळ्यात त्यातला चौथा हिस्सा खराब झाला तर १५,२०० रुपये बुडाले. त्यात ५०० रुपयांची दहा ब्लँकेटे मिळवा, तर २०,२०० रुपये.

दुसऱ्या बाजूला, घरी गेलेल्या एका अनुभवी कामगाराला पावसाळ्याचे सोळा आठवडे, आठवड्यातून दोन दिवस येऊन कोठी पाहायला सांगितले आणि ५०० रुपये रोज दिला, तर बत्तीस दिवसांचे १६,००० रुपये होतात. त्याची लावणीही होते आणि आपली कोठीही राहते. वाचले फक्त ४,२०० रुपये, असे कोणी म्हणेल. पण खरा फायदा पुढेच आहे. घटस्थापनेच्या दिवशी तो माणूस आपलाच असतो. त्याला नवे काही शिकवावे लागत नाही.

यात कराचाही मुद्दा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो, पण लॉजमालकाला आपल्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे पुन्हा घेतलेल्या प्रत्येक चादरीबरोबर तिच्यावरचा करही खिशातूनच जातो. माल जपणे आता पूर्वीपेक्षा जास्त फायद्याचे आहे.

तेरा दिवसांची तयारी

परतणाऱ्या माणसाची किंमत काय, हे २०२१ साली साऱ्या राज्याला दिसले. २०२० चा लॉकडाऊन चैत्र यात्रेच्या तोंडावर लागला आणि कामगार मिळेल त्या मार्गाने घरी गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये प्रार्थनास्थळे उघडली, पुढच्या वर्षी पुन्हा बंद झाली. मग २४ सप्टेंबर २०२१ रोजी सरकारने जाहीर केले की ७ ऑक्टोबरपासून, म्हणजे घटस्थापनेपासून, सर्व धर्मांची प्रार्थनास्थळे उघडतील. मधे तेरा दिवस. एवढ्या दिवसांत खोल्या झाडायच्या, गाद्यांना ऊन द्यायचे, नळ दुरुस्त करायचे, किराणा भरायचा आणि माणसे जमवायची. ज्या मालकाने बंदच्या काळात आपल्या माणसांची विचारपूस केली होती, थोडेफार पैसे पाठवले होते, त्याला तेरा दिवस पुरले असतील. ज्याने फोनही केला नव्हता त्याच्याकडे जुना माणूस कशाला धावत येईल? पुढच्याच वर्षी, २०२२ च्या पावसाळ्यात, मूर्तीच्या संवर्धनाच्या कामासाठी गडावरचे दर्शन काही आठवडे बंद होते आणि नवरात्रात पुन्हा सुरू झाले. म्हणजे बंद आणि चालू हे डोंगरावरच्या धंद्याचे नित्याचे चक्र आहे. त्याची तयारी ठेवणे हाच धंदा आहे.

बर्फाच्या डोंगरावर काय करतात

आपल्याकडची सुखवस्तू मंडळी आता सुट्टीत स्वित्झर्लंडला, फ्रान्सला बर्फावर घसरायला जातात. परत आल्यावर फोटो दाखवतात. पण तिथल्या हॉटेलात चादर बदलणारा माणूस हंगाम संपल्यावर कुठे जातो, हे फारसे कोणी विचारीत नाही. आपल्या कामाची गोष्ट तीच आहे.

तिथेही पूर्वी एकच हंगाम होता, उन्हाळ्याचा. सेंट मॉरिट्झ गावातला हॉटेलवाला योहान्स बाद्रुट याने १८६४ साली आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली की हिवाळ्यात येऊन पाहा, आवडले नाही तर खर्च माझा. पाहुणे आले आणि वसंतापर्यंत राहिले, असे सांगतात. तिथून हिवाळी हंगामाची सुरुवात धरतात. आता तिथे वर्षात दोन हंगाम असतात आणि मधल्या दोन फटींत डोंगरावरची पुष्कळ हॉटेले सरळ कुलूप लावतात. आमच्या गडासारखेच दोन हंगाम आणि दोन फटी.

फरक कराराचा आहे. स्वित्झर्लंडमध्ये हॉटेल-धंद्याचा देशभराचा सामुदायिक करार आहे. त्यानुसार आठवड्याचे तास ४२, हंगामी हॉटेलांत साडेत्रेचाळीस. रजा वर्षाला पाच आठवडे, आणि अर्धेच वर्ष काम केले तर त्या प्रमाणात. शिवाय तेरावा पगार. म्हणजे हंगामी कामगार घरी जातो तेव्हा रजेचे पैसे त्याच्या हिशोबात आलेले असतात. फ्रान्सने २०१६ चा पर्वत-कायदा केल्यावर २०१७ मध्ये काही ठरावीक धंद्यांत असा नियम आणला की लागोपाठ दोन वर्षे तोच हंगाम केलेल्या कामगाराला पुढच्या हंगामाला परत घेतले जाण्याचा हक्क राहील. तिथल्या मालकांना कामगारांचा पुळका आहे म्हणून हे झाले नाही. डोंगरावर अनुभवी माणूस मिळत नाही, हे ते जाणून आहेत.

आपल्या देशात बर्फाचा हंगाम म्हणजे गुलमर्ग. तिथल्या गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि दुसरा २००५ मध्ये सुरू झाला आणि हिवाळ्यातही हॉटेले भरू लागली. पण जानेवारी २०२४ मध्ये ऐन हंगामात बर्फच पडला नाही, मैदाने कोरडी राहिली आणि आरक्षणे रद्द झाली. हंगामावर जगणाऱ्या माणसाला ढगांकडे पाहत बसावे लागते. महाराष्ट्रात माथेरान पाहा. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने १६ लाख रुपये खर्चून १९०७ साली नेरळ-माथेरान गाडी सुरू केली आणि दूरचे ठिकाण जवळ आणले. तरीही पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी थांबतेच. रस्ता, गाडी, ट्रॉली यांनी पाहुणा जवळ येतो. पण पावसाळ्यातल्या कामगाराचा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

कायदा आणि ईद

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या महाराष्ट्र कायद्यात वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळते. पण दोन यात्रांवर काम करणाऱ्याचे २४० दिवस भरणार कसे? आणि वीसपेक्षा कमी माणसांच्या लॉजला ही कलमे लागूच नाहीत. म्हणजे डोंगरावरचा बहुतेक कामगार कायद्याच्या बाहेर राहतो. त्याच्या बाबतीत मालकाचा शब्द हाच कायदा. म्हणून तो शब्द स्पष्ट असला पाहिजे.

आपल्या वाचकांपैकी ज्यांची हॉटेले, भटारखाने आहेत त्यांना आणखी एक गोष्ट सांगायची आहे. उत्तर प्रदेश-बिहारकडचे कारागीर ईदला घरी जातात आणि जायलाच हवेत. चंद्राचे वर्ष दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते, त्यामुळे ईद हळूहळू हंगामावर येते. २०२५ मध्ये रमजान ईद ३१ मार्चला होती आणि रामनवमी ६ एप्रिलला. मधे सहा दिवस. ईद करून बिहारहून निघालेला कारागीर रामनवमीला भट्टीवर हजर व्हायचा म्हणजे दोन महिने आधीच येण्याजाण्याचे तिकीट काढलेले हवे. ज्याने काढून दिले त्याची भट्टी वेळेवर पेटेल. सण आणि तिथी दोन्ही आधी कळतात. दिनदर्शिका समोर ठेवून सुट्ट्या ठरवणे एवढेच काम आहे.

पगार अडकवणे बंद करा

काही मालकांची एक जुनी सवय आहे. सुट्टीवर जाणाऱ्याचा पंधरा दिवसांचा किंवा महिन्याचा पगार अडकवून ठेवायचा, म्हणजे तो परत येईल. हा उपाय उलटा पडतो. ज्याचे पैसे अडकले तो एकदा येतो, हिशोब घेतो आणि कायमचा जातो, तोही बहुधा हंगामाच्या मध्यावर. जाताना गावात सांगत जातो. मग त्या पाड्यावरून पुढे कोणी येत नाही.

याउलट आमच्या एका गिऱ्हाइकाची रीत सांगतो. चैत्राची गर्दी ओसरली की ते प्रत्येक माणसाचा पूर्ण हिशोब चुकता करतात. मग एक चिठ्ठी लिहितात. तीत परत येण्याची तारीख, पुढच्या हंगामाचा पगार आणि कोठीतल्या चादरी, अभ्रे, ब्लँकेटांची मोजदाद असते. खाली दोघांच्या सह्या. तारखेला जो हजर होतो त्याला येण्याजाण्याचे भाडे आणि वर ठरलेली रक्कम त्याच दिवशी रोख. तोच माणूस चिठ्ठी पाहून माल मोजून घेतो. त्यांच्याकडे वर्षानुवर्षे तीच माणसे आहेत. त्यांची चादरींची खरेदी इतरांपेक्षा कमी असते, त्यात आमचे थोडे नुकसान आहे. पण त्यांचे पैसे ठरल्या दिवशी येतात आणि उधारीसाठी घाट चढावा लागत नाही. व्यापाऱ्याला असेच गिऱ्हाईक परवडते.

ज्यांना हे करायचे असेल त्यांनी या वर्षीपासून चार गोष्टी कराव्यात. हंगाम संपताना पूर्ण पगार द्यावा. परतीची तारीख आणि पगार लिहून द्यावा. बंद काळात एका माणसाला रोज देऊन कोठी पाहायला ठेवावे. आणि हजर झालेल्याला पहिल्याच दिवशी परतीचे पैसे द्यावेत. चारही गोष्टींना मिळून जो खर्च येईल तो एकदा कागदावर मांडावा आणि शेजारी गेल्या वर्षी नव्याने घेतलेल्या चादरींचे बिल ठेवावे. छाटणीची गाडी पाड्यावर पोचण्याआधी आपली चिठ्ठी पोचलेली असावी.